बजेटमधली तरतूद पटली नाही, तर नेमकं काय करायचं?

दर वर्षी १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपायच्या आत प्रतिक्रिया सुरू होतात. सत्ताधारी म्हणतात ऐतिहासिक, विरोधक म्हणतात निराशाजनक, आणि व्यापारी संघटनांचं म्हणणं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींत उरकलं जातं. लहान उद्योजकाच्या आणि सामान्य घराच्या हाती यातून फारसं काही लागत नाही, कारण विरोध सगळ्या बजेटला होतो आणि बदल मात्र एखाद्या कलमात, कधी एखाद्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटी-अपवादात, होत असतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सरकारने जिथे माघार घेतली, त्या बहुतेक ठिकाणी विरोध करणाऱ्यांनी कलमावर बोट ठेवलं होतं. म्हणून हे कलम सापडतं कुठे, ते कोण बदलू शकतं आणि त्यासाठी वेळ किती मिळतो, हे माहीत असायला हवं.

बजेट म्हणजे एकच कागद नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ११२ प्रमाणे संसदेपुढे येतं ते वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचा अंदाज. करांमधले बदल असतात ते वेगळ्या वित्त विधेयकात. आपण टीव्हीवर ऐकतो ते भाषण. भाषणात एखादी तरतूद एका वाक्यात येते, टाळ्या पडतात आणि विषय पुढे सरकतो. त्या तरतुदीच्या अटी, अपवाद आणि लागू होण्याची तारीख विधेयकाच्या कलमात असतात. त्यासोबत प्रत्येक कलमाचा हेतू समजावणारं एक टिपणही अर्थ मंत्रालय प्रसिद्ध करतं. ते त्याच दिवशी मंत्रालयाच्या बजेटच्या संकेतस्थळावर येतं आणि कुणालाही वाचता येतं. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. त्यामुळे भांडायचं ते कायद्याच्या मजकुराशी. भाषणाशी भांडून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दार कोणाचं ठोठवायचं. आयकर आणि सीमाशुल्क केंद्राच्या वित्त विधेयकातून बदलतात. जीएसटीचे दर बजेटमध्ये ठरत नाहीत, ते जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. थोडक्यात, एकटं केंद्र काही मंजूर करू शकत नाही आणि केंद्राला वगळून राज्यांनाही ते जमत नाही. म्हणून जीएसटीबद्दलचं निवेदन दिल्लीइतकंच आपल्या राज्याच्या परिषदेतल्या मंत्र्यांकडेही जायला हवं. बहुतेक निवेदनं तिकडे फिरकतच नाहीत. व्यवसाय कर राज्याचा, मालमत्ता कर महापालिकेचा. महाराष्ट्रात २०२३ च्या राज्य बजेटमधून महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ झाला. आधी ही मर्यादा १०,००० होती. हा निर्णय दिल्लीत कितीही मागितला असता तरी मिळाला नसता.

आता वेळेचं गणित. बजेट १ फेब्रुवारीला मांडण्याची पद्धत २०१७ पासून आहे. त्यानंतर अधिवेशनाला मध्ये सुट्टी असते. त्या काळात संसदेच्या स्थायी समित्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. हा तपास खर्चाचा असतो. वित्त विधेयकातली कराची कलमं या समित्यांकडे सहसा जात नाहीत, आणि लोकशाहीच्या दृष्टीने मला ही मोठी उणीव वाटते. २०२५ चं नवं आयकर विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे त्यासाठीच नेमलेल्या खासदारांच्या समितीकडे गेलं, समितीने शेकडो सूचना केल्या, सरकारने जुना मसुदा मागे घेऊन सुधारलेला आणला. दरवर्षी कोट्यवधी लोकांचा कर बदलणाऱ्या वित्त विधेयकाला मात्र एवढी छाननी मिळत नाही. ते साधारणपणे मार्चअखेर लोकसभेत मंजूर होतं. म्हणजे हातात सात-आठ आठवडे मिळतात.

लोकसभेतलं मतदानही समजून घ्यावं लागतं. वित्त विधेयक पडलं तर सरकारच पडतं, शिवाय पक्षांतरबंदी कायदा आहेच. त्यामुळे सत्ताधारी खासदार उघडपणे विरोधात मत देईल ही आशा धरू नये. विधेयक धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी पैशांबद्दलचं विधेयक) म्हणून आलं तर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, त्याही १४ दिवसांत, आणि लोकसभा त्या नाकारू शकते. मग बदल होतो कसा? तो मतदानाच्या आधी होतो. अर्थमंत्री स्वतःच सरकारी दुरुस्त्या मांडतात आणि विधेयक त्या दुरुस्त्यांसह मंजूर होतं. म्हणजे सगळा दबाव, सगळी आकडेमोड, सगळी निवेदनं त्या दिवसाच्या आत पोचायला हवीत. एक तरतूद तर फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. कर वाढवणारी दुरुस्ती मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, पण कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती कोणताही खासदार त्या शिफारशीशिवाय मांडू शकतो. अनुच्छेद ११७ च्या परंतुकात हे स्पष्ट लिहिलं आहे. अशी दुरुस्ती मंजूर होणं कठीण, पण ती मांडली की अर्थमंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कायमचं नोंदीत राहतं. आपल्या खासदाराकडे नुसतं "आवाज उठवा" असं म्हणण्यापेक्षा दुरुस्तीचा मजकूरच लिहून न्यावा.

कोणत्या विरोधाला यश येतं, यासाठी तीन प्रसंग पाहू.

२०१६ च्या बजेटमध्ये अरुण जेटली यांनी भविष्य निर्वाह निधीतून निवृत्तीच्या वेळी काढलेल्या रकमेच्या ६० टक्के भागावर कर सुचवला. २९ फेब्रुवारीला घोषणा झाली आणि ८ मार्चला ती मागे घेतली गेली. तोटा कोणाचा, कधी आणि किती, हे एका वाक्यात सांगता येत होतं, आणि तोटा होणारे लोक सगळ्या पक्षांच्या मतदारांत होते.

त्याच बजेटमध्ये सोन्याच्या दागिन्यांवर १ टक्का उत्पादन शुल्क आलं. सराफांनी दुकानं महिनाभराहून अधिक काळ बंद ठेवली. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींनी ब्रँड नसलेल्या दागिन्यांवर असंच शुल्क लावलं होतं आणि बंदनंतर मागे घेतलं होतं, त्यामुळे पुन्हा तसंच होईल अशी अपेक्षा होती. या वेळी सरकार हललं नाही. शुल्क राहिलं. पण अशोक लाहिरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नंतर लहान सराफांसाठीची सवलतीची मर्यादा ६ कोटींवरून १० कोटींवर गेली. "शुल्क नकोच" ही मागणी फेटाळली गेली, "लहानांना वगळा" ही मान्य झाली. मोठ्या बंदमध्ये सगळ्यात जास्त झळ ज्यांना बसते, म्हणजे रोजच्या विक्रीवर जगणारे छोटे दुकानदार आणि त्यांचे कारागीर, त्यांच्या कामाची मागणी शेवटी कागदावर मांडलेलीच ठरली.

तिसरा प्रसंग जुलै २०२४ चा. निवडणुकीमुळे त्या वर्षी पूर्ण बजेट जुलैत आलं होतं. घर किंवा जमीन विकल्यावरच्या दीर्घकालीन नफ्यावर आधी २० टक्के कर होता, पण खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरता येत असे. नव्या तरतुदीत दर १२.५ टक्के झाला आणि महागाईची ती सूट गेली. दर कमी झाल्यासारखं दिसत होतं, पण ज्यांच्या मालमत्तेची किंमत महागाईपेक्षा फारशी पुढे गेली नव्हती त्यांचा कर वाढत होता. लोकांनी उदाहरणं सोडवून दाखवली. मागणी नेमकी होती: जुन्या खरेदीला जुन्या हिशोबाचा पर्याय ठेवा. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतींसाठी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्हीपैकी ज्या पद्धतीने कर कमी येईल ती निवडण्याची मुभा मिळाली.

लहान व्यवसायांच्या बाबतीत ज्या कलमावर सर्वाधिक वाद झाला ते म्हणजे आयकर कायद्याचं ४३बी (एच). एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, पण लोकांच्या तोंडी जुनेच आकडे आहेत म्हणून मीही तेच वापरतो.

या कलमाचं मूळ २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असं तो कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कागदावर इतकं कडक संरक्षण असूनही बिलं थकतच राहिली. कारण तक्रार करायची ती आपल्याच ग्राहकाविरुद्ध. ज्याचा निम्मा माल एकच मोठा खरेदीदार उचलतो, तो त्याच्याविरुद्ध या थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेपुढे जात नाही. व्याज सोडतो आणि गप्प बसतो.

२०२३ च्या वित्त कायद्याने ही अडचण वेगळ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीची वजावट, म्हणजे ती रक्कम खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा, खरेदीदाराला त्या वर्षी मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळेल. म्हणजे पुरवठादाराने तक्रार करण्याची गरज उरली नाही. खरेदीदाराच्या ऑडिट अहवालातच थकबाकी दिसणार. कल्पना चांगली आहे आणि हेतूबद्दल मला शंका नाही. विरोध झाला तो रचनेतल्या तीन गोष्टींमुळे, आणि त्या तिन्ही खऱ्या आहेत.

पहिली गोष्ट पहिल्या वर्षाच्या धक्क्याची. समजा एका भागीदारी संस्थेचा नफा ८ लाख आहे आणि ३१ मार्चला मुदत उलटलेली २० लाखांची देणी लघु उद्योगांना बाकी आहेत. करपात्र उत्पन्न ८ नव्हे, २८ लाख धरलं जाईल. ३० टक्के दर आणि ४ टक्के उपकर धरला तर कर २,४९,६०० ऐवजी ८,७३,६०० होतो. म्हणजे ६,२४,००० रुपये जास्त, आणि हे सगळं कमाई ८ लाखांची असताना. पुढच्या वर्षी देणी फेडली की वजावट मिळते हे खरं. पण रोख रक्कम आत्ता जाते, आणि ज्या पैशातून पुरवठादाराचं बिल द्यायचं तेच पैसे करात जातात. पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळावेत म्हणून आणलेलं कलम काही ठिकाणी त्यालाच आणखी थांबायला लावू शकतं.

दुसरी गोष्ट त्याच कलमाच्या परंतुकाची. कलम ४३बी मध्ये भविष्य निधीतला मालकाचा हिस्सा, कर, बँकेचं व्याज अशा इतर देण्यांसाठी एक सोय आहे. विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेआधी पैसे दिले तर वजावट त्याच वर्षी मिळते. लघु उद्योगांच्या देण्यांना ही सोय मुद्दाम नाकारली आहे. त्यामुळे मुदत उलटल्यानंतर २ एप्रिलला पैसे देणारा आणि पुढच्या फेब्रुवारीत देणारा, दोघांना शिक्षा सारखीच. सुधारणा मागायची तर पहिली इथे मागावी. विवरणपत्रापर्यंतची नाही तरी निदान दोन-तीन महिन्यांची सवलत ठेवली, तर उशीर करणाऱ्याला लवकर फेडण्याचं कारण उरतं.

तिसरी गोष्ट मधल्या माणसाची. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करता येते, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. थकबाकीच्या संरक्षणात व्यापारी येत नाहीत. म्हणजे लहान कारखानदाराकडून माल घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत, आणि त्याचे गिऱ्हाईक मात्र त्याला तीन महिन्यांनी देऊ शकतात. कापडासारख्या व्यवसायात, जिथे ९० दिवसांची उधारी ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, तिथे हा माणूस दोन्ही बाजूंनी चेपला जातो. मध्यम उद्योग कलमाच्या बाहेर आहेत, म्हणून खरेदीदार लघु उद्योगांना सोडून मध्यम किंवा नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळतील ही भीतीही त्यातूनच आली. शिवाय एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची व्याख्या १०० कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली, पूर्वी ती ५० कोटींपर्यंत होती. ७० कोटींची उलाढाल असलेला पुरवठादार आता लघु ठरतो आणि त्याच्याकडून माल घेणारा २ कोटींचा व्यापारी त्याच्या संरक्षणाची किंमत मोजतो. हे मला अन्यायाचं वाटतं. (अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या अगदी लहान व्यावसायिकांना या कलमाची झळ सहसा बसत नाही, कारण त्यांची वजावट वेगळी मोजलीच जात नाही.)

माझ्या मते मागणी "४३बी (एच) रद्द करा" अशी असू नये. ती केली की लहान कारखानदार विरुद्ध लहान व्यापारी अशी फूट पडते आणि दोघांचे पैसे अडकवणारे मोठे खरेदीदार बाजूला राहतात. मागणी अशी असावी: आधी ठरावीक उलाढालीच्या वरच्या खरेदीदारांनाच हे कलम लावा, बाकीच्यांसाठी मुदत ९० दिवसांपासून टप्प्याटप्प्याने ४५ वर आणा, आणि परंतुकातली सोय द्या. मोठ्यांना आधी बांधण्याची पद्धत सरकारला अनोळखी नाही. लघु उद्योगांची बिलं बँकांकडून आधीच वटवून देणाऱ्या ट्रेड्स व्यवस्थेत नोंदणी करण्याची सक्ती आता २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना आहे. आधी ही मर्यादा ५०० कोटी होती.

या वादात वेळेचा धडाही आहे. कलम मंजूर झालं मार्च २०२३ मध्ये. लागू व्हायचं होतं एक वर्षाने, १ एप्रिल २०२४ पासूनच्या करनिर्धारण वर्षाला, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबाला. बाजारपेठांत आरडाओरड सुरू झाली ती मुख्यतः २०२४ च्या सुरुवातीला, जेव्हा सीएंनी वर्षअखेरीच्या थकबाकीची यादी मागितली तेव्हा. दुरुस्तीची वेळ वर्षभरापूर्वीच निघून गेली होती. जे कलम एक वर्षाने लागू होणार आहे त्याचा हिशोब पहिल्याच फेब्रुवारीत मांडावा लागतो.

जीएसटीकडचं एक उदाहरण याउलट आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून दुकानाची जागा भाड्याने घेतली, तर त्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरू व्यापाऱ्याने भरायचा, असा नियम आला. नियमित करदात्याला तो परत वळता मिळतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मिळत नाही. दरमहा २०,००० भाडं असेल तर ३,६०० रुपये थेट खिशातून. करगळती थांबवण्यासाठीचा नियम सर्वांत लहान दुकानदारावर निव्वळ खर्च म्हणून बसला. हे लक्षात आणून दिल्यावर डिसेंबर २०२४ च्या बैठकीत परिषदेने कंपोझिशनवाल्यांना वगळण्याची शिफारस केली आणि मधला काळही नियमित करून दिला. अडीच महिन्यांत प्रश्न सुटला, कारण मागणी एका ओळीची होती आणि तिचा महसुलावरचा परिणाम मर्यादित होता.

आता घराकडे येऊ. भारतात आयकर व्यक्तीवर आहे, कुटुंबावर नाही. नव्या कररचनेत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. दोन घरं घ्या, दोन्हीकडे व्यवसायातून वर्षाला १६ लाख येतात. एका घरात नवरा-बायको दोघं ८-८ लाख कमावतात. त्यांचा कर शून्य. दुसऱ्या घरात एकच कमावणारा आहे, उरलेले त्याच्यावर अवलंबून. त्याला १,२०,००० कर आणि ४,८०० उपकर. घरात येणारे पैसे तेवढेच, खाणारी तोंडं तेवढीच किंवा जास्तच, आणि कर एकाला सव्वा लाख, दुसऱ्याला काही नाही.

पती-पत्नीने एकत्र विवरणपत्र भरावं असा पर्याय सनदी लेखापालांच्या संस्थेने, आयसीएआयने सुचवला आहे. जर्मनीत अशी पद्धत १९५८ पासून आहे. मला ती पूर्णपणे पटत नाही. एकत्र मोजणीत दुसऱ्या कमावत्या व्यक्तीच्या पहिल्या रुपयावरच वरचा दर लागतो, आणि ती दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा बायको असते. नोकरी धरावी की नाही या तिच्या निर्णयावर त्याचा भार पडतो. स्वीडनने १९७१ मध्ये आणि ब्रिटनने १९९० मध्ये स्वतंत्र मोजणी स्वीकारली. दोघं कमावतात त्या घरात पाळणाघर, मदतनीस, दोघांचा प्रवास हे खर्च असतात, हेही विसरून चालणार नाही. एक कमावत्या घराला दिलासा द्यायचा तर व्यक्तीगणिक कर तसाच ठेवून अवलंबून असलेल्या माणसांसाठी, म्हणजे मुलं, आजारी आईवडील यांच्यासाठी, नव्या कररचनेत ठरावीक सूट मागणं अधिक न्याय्य आहे. आज नव्या रचनेत अशा बहुतेक सुटी नाहीतच.

पण घर आणि लहान धंदा जिथे एकमेकांत मिसळतात तिथला अन्याय मला सर्वांत जास्त बोचतो, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. छोट्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, खानावळीत बायको निम्मं काम करते. गल्ला सांभाळते, हिशोब लिहिते, माल लावते, उधारी वसूल करते. नवऱ्याने तिला रीतसर पगार दिला तर काय होतं? आयकर कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे, ज्या व्यवसायात नवऱ्याचा भरीव हिस्सा आहे तिथून पत्नीला मिळालेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. अपवाद एकच: तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार केवळ त्या पात्रतेमुळे मिळत असेल तर. (नवरा-बायकोची अदलाबदल केली तरी नियम तोच.) नव्या कायद्यातही तत्त्व हेच आहे. म्हणजे डॉक्टर नवऱ्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टर पत्नीचा पगार तिचा, पण वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या बारावी झालेल्या बाईचा पगार नवऱ्याचा. नियमाचा हेतू खोटे पगार दाखवून कर वाचवणं थांबवणं हा आहे, आणि तो योग्यच आहे. पण खऱ्या कामाची कसोटी पदवी असू शकत नाही.

दुसरी कसोटी शक्य आहे हे कॅनडाने दाखवलं. जुलै २०१७ मध्ये तिथले अर्थमंत्री बिल मॉर्नो यांनी छोट्या कंपन्यांचे मालक घरच्यांना लाभांश वाटून कर कमी करतात त्यावर निर्बंध सुचवले. घरच्या माणसाचं योगदान "वाजवी" आहे की नाही हे अधिकारी ठरवणार होते. शेतकरी, डॉक्टर, दुकानदार सगळे उठले आणि २१,००० हून अधिक हरकती आल्या. सरकारने निर्बंध मागे घेतले नाहीत, पण डिसेंबरमध्ये स्पष्ट कसोट्या आल्या. त्यातली एक अशी: अठरा वर्षांवरचं घरचं माणूस त्या व्यवसायात सरासरी आठवड्याला किमान २० तास काम करत असेल तर हा निर्बंध त्याला लागू नाही. पदवी विचारली नाही, तास विचारले. आपल्याकडे व्यापारी संघटनांनी हीच मागणी करावी: पत्नीच्या पगाराला कामाच्या तासांची कसोटी लावा, पगार बँक खात्यात गेला पाहिजे अशी अट घाला, त्या कामासाठी बाजारात जेवढा पगार मिळतो तेवढ्याची मर्यादा ठेवा. करचोरी रोखली जाईल आणि त्या बाईच्या नावावर उत्पन्न, विवरणपत्र आणि पुढे कर्ज मिळवण्याची पतही उभी राहील.

विरोध करताना एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: हा कर गेला तर त्याची जागा कोण भरणार? महाराष्ट्रात एलबीटीविरुद्ध, म्हणजे महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी तो गेला. महापालिकांचा तोटा राज्याने अनुदानातून भरला, म्हणजे सगळ्यांच्या करातून. एलबीटीची वसुली जाचक होती आणि तो जायलाच हवा होता, पण कर हवेत विरत नाही एवढं त्यातून दिसतं. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. त्यामागे वर्षभराची मागणी होती. नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, आणि ते पत्र देशभर गाजलं. एका विभागीय संघटनेचा कागद कुठपर्यंत जाऊ शकतो याचं हे उत्तम उदाहरण आहे. पण कर शून्य झाल्यावर विमा कंपन्यांना त्यांच्या खर्चावरच्या जीएसटीचा परतावाही मिळत नाही, त्यामुळे मूळ हप्ता वाढत नाही ना याकडे घरांनी लक्ष ठेवायला हवं. त्याआधी सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के कर जुलै २०१८ मध्ये असाच गेला होता.

जीएसटीच्या बाबतीत घरांनी आग्रहाने बोलावं याचं आणखी एक कारण आहे. आयकर न भरणारं घरही साबण, चप्पल, मोबाइल रिचार्ज यांवर जीएसटी भरतंच, आणि उत्पन्नाच्या मानाने जास्त भरतं, कारण त्याचं जवळजवळ सगळं उत्पन्न खर्चातच जातं. "आम्ही करदाते" असं म्हणताना पगारदार मध्यमवर्ग यांना मोजत नाही, आणि संघटना नसल्यामुळे त्यांचं निवेदनही कोणी लिहीत नाही.

निवेदन लिहायचंच तर एका पानात लिहा. वर विधेयकाचा खंड आणि मूळ कायद्याचं कलम. मग एक खरा हिशोब, नाव न घेता, पण आकडे पूर्ण: उलाढाल, नफा, आधीचा कर, नंतरचा कर. मग कोणते शब्द काढावेत किंवा घालावेत ते शब्दशः. शेवटी यामुळे महसूल किती कमी होईल आणि तो दुसरीकडून कसा येईल याचा प्रामाणिक अंदाज. हा भाग असला की अधिकारी तो कागद बाजूला टाकू शकत नाही. एक प्रत खासदाराला, एक अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाला, जीएसटीचा विषय असेल तर राज्याच्या मंत्र्यांनाही. बजेटपूर्वी डिसेंबर-जानेवारीत मंत्रालय नागरिकांकडून सूचना मागवतं, तेव्हाही हाच कागद चालतो. लोकसभेत मंजुरी होऊन गेली असेल तर प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रकं आणि नियम उरतात. तिथे कर जात नाही, पण फॉर्म, मुदती आणि अर्थ लावण्याची पद्धत बदलते, आणि लहान माणसाला पुष्कळदा त्याचाच जास्त त्रास होत असतो.